झडप दुरुस्त झाली, मग जंतू आले कुठून?

लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते, त्याला रिफ्लक्स म्हणतात. त्याचं ऑपरेशन झाल्यावरही मुलाला लघवीचा संसर्ग झाला, अशी तक्रार करणारी पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरं मुलांच्या युरॉलॉजी आणि नेफ्रॉलॉजी विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी दिली आहेत. औषधांची मात्रा हिशेब समजावा म्हणून दिली आहे. औषध ठरवायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच.

मुलगी ६ वर्षांची. दोन्ही बाजूंना ग्रेड ४ (पाचपैकी) रिफ्लक्स होता, आठ महिन्यांपूर्वी कोहेन पद्धतीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दोनदा लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) इ. कोलाय हे आतड्यातले जंतू निघाले. दोन्ही वेळा ताप नव्हता, फक्त जळजळ आणि सारखी धाव. ऑपरेशन फसलं का? — एक आई, सांगली

बहुधा नाही. तसं वाटण्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: ताप नव्हता.

जंतू येतात ते खालून. शीच्या जागेभोवतीच्या त्वचेवर ते असतातच. तिथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि मग आत मूत्राशयात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे वाट सोपी. तुमच्या मुलीच्या ऑपरेशनचा या वाटेशी काही संबंध नव्हता. ऑपरेशन झालं ते वरच्या टोकाला, किडनीकडून येणारी मूत्रवाहिनी मूत्राशयात शिरते तिथे. एरवी ही नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी जाते, त्यामुळे मूत्राशय भरलं की भिंत तिला दाबून बंद करते. हीच ती झडप. रिफ्लक्समध्ये हा तिरका भाग आखूड असतो. सर्जन नळी सोडवून मूत्राशयाच्या अस्तराखाली नवा बोगदा करून त्यातून घालतात. बोगद्याची लांबी नळीच्या रुंदीच्या पाचपट असावी, हा पॅक्विन यांनी १९५९ मध्ये मांडलेला दंडक आजही पाळतात. म्हणजे ५ मिलिमीटर रुंद नळीला अडीच सेंटिमीटर बोगदा. कोहेन यांच्या १९७५ च्या पद्धतीत तो आडवा, मूत्राशयाच्या विरुद्ध बाजूला नेतात.

एवढ्याने साधतं ते हे की खाली आलेले जंतू लघवीबरोबर किडनीत चढत नाहीत. ते मूत्राशयात येऊच नयेत, असा बंदोबस्त कोणताही टाका करत नाही. ऑपरेशनआधी हे कुणी नीट सांगितलं नाही की नंतरच्या पहिल्या जळजळीला घरात रडारड होते.

म्हणून प्रत्येक संसर्गाची नोंद दोन खात्यांत करा. जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात दुखणं, कपड्यात थेंब, वास, पण ताप नाही: हे मूत्राशयाचं खातं. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हुडहुडी, उलट्या, बरगडीखाली पाठीत दुखणं: हे किडनीचं. पहिल्या खात्यासाठी एमसीयू (मूत्राशयात नळीने रंगद्रव भरून, लघवी करताना काढायचा एक्स-रे) पुन्हा करायची घाई नको. दुसऱ्यात एकही नोंद झाली तर लगेच कल्चर, उपचार, सोनोग्राफी, आणि संसर्ग शमल्यावर एमसीयूबद्दल सर्जनशी बोलणं.

आता खरा प्रश्न: मूत्राशयात जंतू टिकतात का? तिथे पाणी वाहतं राहिलं, म्हणजे लघवी वेळेवर आणि पूर्ण झाली, तर आलेले बरेचसे धुऊन जातात. साचलं की वाढतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रिफ्लक्सच्या उपचारानंतरच्या संसर्गाचा आढावा आहे. ज्या मुलांना लघवी-शीच्या सवयींचा त्रास होता त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २३ टक्के, ज्यांना नव्हता त्यांच्यात सुमारे ५ टक्के. तुमच्या मुलीच्या बाबतीत पहिल्यांदा इथेच बघायला हवं.

दोन दिवस नुसतं निरीक्षण करा. शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून ती बाथरूमकडे पळते का? खेळता खेळता अचानक खाली बसून एक टाच खाली दाबून धरते का? ही लघवी दाबून ठेवायची अगदी ठरलेली खूण आहे. घरातले तिला ‘बसायची सवय’ म्हणतात आणि सोडून देतात. चड्डी दिवसभर किंचित ओली? शी तीन दिवसांनी, जाड, कमोड तुंबवणारी? सुटीच्या दिवशी मापाचा मग ठेवून दर वेळची लघवी मोजा. या वयाच्या मूत्राशयाची अपेक्षित क्षमता काढायचं सूत्र: (वय + १) × ३० मिली, म्हणजे तिच्यासाठी २१० मिली. दर वेळी ४०-५० मिली होत असेल किंवा एकदम ३५० मिली, दोन्ही डॉक्टरांना सांगण्यासारखं.

मग सोनोग्राफीत लघवीनंतर किती शिल्लक राहते ते मोजून घ्या. इथे एक हमखास चूक होते. सेंटरवर मुलीला बाटलीभर पाणी पाजतात, तासभर थांबवतात, मूत्राशय तट्ट फुगतं आणि मग ते कोणाचंही पूर्ण रिकामं होत नाही. रिपोर्टमध्ये ‘७० मिली शिल्लक’ येतं आणि घाबरगुंडी उडते. नेहमीसारखी लागल्यावर, निवांत लघवी करून, पाच मिनिटांच्या आत मोजलेला आकडाच धरायचा, तोही दोनदा. सहा वर्षांच्या मुलीत दोन्ही वेळा २० मिलीच्या वर असेल तर त्यावर काम करायला हवं.

‘ब्लॅडर ट्रेनिंग करा, पोट साफ ठेवा’ एवढंच लिहून दिलंय. म्हणजे नेमकं काय करायचं? मुलगा ७ वर्षांचा, वजन २० किलो. — एक वडील, नाशिक

ही ओळ प्रिस्क्रिप्शनच्या तळाशी घाईत लिहिली जाते. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा उपचार मात्र तोच आहे.

सुरुवात पोटापासून करा. गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असतं. ते कडक शीने भरलं की मूत्राशयाला दाबतं, घाई होते आणि पूर्ण रिकामंही होऊ देत नाही. ‘रोज होते’ यावर विसंबू नका. रोज तीन खडे करणाऱ्या मुलाचं पोट भरलेलंच असतं. सोनोग्राफीत गुदाशयाची रुंदी ३ सेंटिमीटरच्या वर असेल तर शंका पक्की.

साठलेलं आधी काढायचं. पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर यासाठी वापरतात. सुरुवातीला दिवसाला किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला २० ते ३० ग्रॅम, ३ ते ६ दिवस, पाण्यात विरघळवून. पातळ जुलाब होऊन घट्ट काही येईनासं झालं की मात्रा किलोमागे ०.४ ते ०.८ ग्रॅमवर, म्हणजे ८ ते १६ ग्रॅम रोज. घसरगुंडी इथे होते: आठवड्यात शी मऊ झाली की पालक ‘सवय लागेल’ म्हणून औषध बंद करतात. ताणलेलं गुदाशय आठवड्यात आकसत नाही. किमान दोन महिने द्यायचं, आणि शेवटचा पूर्ण महिना काही त्रास नसेल तरच हळूहळू कमी करायचं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा. दुधाने पोट भरलेलं मूल भाजी-भाकरीकडे बघत नाही.

जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, त्याचा फायदा घ्या. सकाळच्या नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणानंतर ५ ते १० मिनिटं बसवा. मोबाइल नको. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. पाय लोंबकळत असले की ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडत नाहीत. भारतीय पद्धतीच्या संडासात हा प्रश्न येत नाही, पण घाण वाटते म्हणून मूल अर्धवट उठून बसत असेल तर तिथेही तेच होतं.

लघवी दर दोन ते तीन तासांनी, लागली असो वा नसो. ‘लागलीय का?’ असं विचारूच नका, उत्तर ‘नाही’ असतं. ‘वेळ झाली’ म्हणा. उठल्यावर, शाळेला निघताना, मधल्या सुटीत, जेवणाच्या सुटीत, घरी आल्यावर, संध्याकाळी, झोपताना: सात वेळा होतात. झोपतानाची दोनदा: एकदा करून दात घासायचे, मग पुन्हा उभं राहायचं. जोर लावायचा नाही, धार आपोआप येऊ द्यायची.

शाळा हा अवघड भाग. तिथलं शौचालय घाणेरडं असतं, कडी नसते, तासाला बाई सोडत नाहीत, म्हणून मुलं पाणीच पीत नाहीत. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: ‘मूत्राशयाचं ऑपरेशन झालं आहे, मागेल तेव्हा आणि ठरलेल्या वेळी जाऊ द्यावं.’ तोंडी सांगून पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षिकेपर्यंत काही पोचत नाही. पाण्याचा अंदाज असा: २० किलोच्या मुलाला सगळं मिळून दिवसाला दीड लिटर द्रव लागतं, त्यात दूध-ताक-आमटी धरून. ते दिवसभर वाटून हवं. शाळेत काहीच नाही आणि रात्री नऊला दोन ग्लास, हा हिशेब चालत नाही.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट: लेगिंग्ज मांड्यांवर अडकवून बसलं की गुडघे जवळ राहतात, लघवी योनीमार्गात शिरते आणि उठल्यावर थेंब थेंब गळते. कपडे घोट्यापर्यंत खाली, गुडघे लांब. कमोडवर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसवलं की पाय आपोआप फाकतात, आणि मुलींना त्याची गंमतही वाटते.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले, आत स्टेंट आहे. दर आठवड्याला लघवी तपासतो, पस सेल्स १५-२० येतात. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक बदलून मिळतं. कधी थांबणार? — एक पालक, कोल्हापूर

आठवड्याला तपासणं थांबवा, बाकी आपोआप थांबेल.

पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. मूत्राशयाच्या अस्तरावर ताजे टाके आहेत, आत मूत्रवाहिनीत ठेवलेली प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, घासते आहे. पेशी येणारच, जंतू असोत वा नसोत. लघवीत लालसर छटा, शेवटी पोटात कळ, सारखं लागणं हेही या काळात चालतं. लघवी करताना पाठीत दुखतं कारण डबल-जे स्टेंट असेपर्यंत नळीतून लघवी वर चढते. नवी झडप स्टेंट निघाल्यावरच कामाला लागते. म्हणूनच तोवर झोपतानाचं कमी मात्रेचं अँटिबायोटिक चालू ठेवतात. स्टेंट साधारण ४ ते ६ आठवड्यांनी काढतात. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. विसरलेल्या स्टेंटवर क्षार जमतात आणि मग काढणं हेच दुसरं ऑपरेशन होतं.

ताप, हुडहुडी, उलट्या किंवा मूल मलूल पडलं तरच तपासायचं, आणि तेव्हा साध्या रिपोर्टबरोबर कल्चरही. नमुना घेण्याची रीत: जागा साध्या पाण्याने धुवा, जंतुनाशक वापरू नका. पहिली धार जाऊ द्या, मधली निर्जंतुक डबीत धरा, डबीच्या आत बोट नको. तासाभरात लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तीन तास फिरलेली डबी म्हणजे जंतूंची शेतीच. अनुकूल उष्णतेत इ. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतात, कागदावरच्या हिशेबाने तीन तासांत एकाचे पाचशे. चिकटवायच्या पिशवीतली लघवी कल्चरला देऊ नका, त्वचेवरचेच जंतू उगवतात.

मधल्या धारेच्या नमुन्यात मिलिलिटरला एक लाख किंवा जास्त, एकाच जातीचे जंतू, आणि जोडीला त्रास असेल तर संसर्ग धरतात. ‘मिक्स्ड ग्रोथ’ आली तर नमुना बिघडला, पुन्हा द्या. काहीच त्रास नसलेल्या मुलाच्या लघवीत जंतू सापडले तर सहसा औषध देत नाहीत. दिलं तर निरुपद्रवी जंतू मरून त्यांच्या जागी औषधाला न जुमानणारे येतात. तुमच्याकडे दर आठवड्याला हेच चाललेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

अँटिबायोटिकचा पहिला डोस कल्चरचा नमुना घेतल्यावरच. घरात उरलेल्या बाटलीतले दोन चमचे देऊन मग लॅब गाठली तर रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो आणि डॉक्टरांच्या हाती काही राहत नाही.

रोज रात्रीचं औषध किती आणि कधीपर्यंत? — एक आई, पणजी

ऑपरेशननंतर बहुतेक ठिकाणी सोनोग्राफी, आणि करायची ठरली असेल तर एमसीयू, समाधानकारक येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने देतात. को-ट्रायमॉक्सॅझोलची मात्रा त्यातल्या ट्रायमेथोप्रिमवर मोजतात, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, रात्री एकदाच. मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत ट्रायमेथोप्रिम ४० मिलिग्रॅम असतं. १५ किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅमने ३० मिलिग्रॅम, म्हणजे ३.७५ मिली. हे सिरिंजनेच मोजा, स्वयंपाकघरातला चमचा कधी ३ मिलीचा निघतो, कधी ७ चा. बाटली हलवून घ्या, औषध तळाशी बसतं. वजन वाढलं की मात्रा बदलून घ्या.

झोपताना देण्यामागे कारण आहे: रात्रभर लघवी मूत्राशयात थांबते, तेव्हाच औषध तिथे असायला हवं. नायट्रोफ्युरँटॉइन देत असाल तर जेवणाबरोबर, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी दिसेल, त्याची काळजी नको. ही दोन्ही औषधं तीन महिन्यांखालच्या बाळांना आणि जी-६-पी-डी (लाल पेशींमधलं एक एन्झाइम) कमी असलेल्या मुलांना टाळतात. आणि हे लक्षात असू द्या की ताप आल्यावर नायट्रोफ्युरँटॉइनची मात्रा वाढवून भागत नाही. ते लघवीत उतरतं, पण किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. तेव्हा वेगळं औषध लागतं, साधारण ७ ते १० दिवस.

मुलाला दुर्बिणीतून इंजेक्शन दिलं, तीन महिन्यांनी एमसीयू स्वच्छ आली. आता वर्षभराने १०३ ताप आणि कल्चर पॉझिटिव्ह. — एक वडील, पुणे

तुमच्या बाबतीत उत्तर पहिल्या पत्राच्या उलट आहे. नळीच्या तोंडाशी डेक्स्ट्रानोमर-हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलचा उंचवटा करून ती अरुंद करणं, ही सोपी आणि दिवसाभरात घरी सोडणारी पद्धत. पण उंचवटा बसतो किंवा सरकतो, आणि एकदा गेलेला रिफ्लक्स परत येऊ शकतो. वर सांगितलेल्या २०१० च्या आढाव्यात एका इंजेक्शननंतर यश ८३ टक्के होतं, उघड्या ऑपरेशनचं ९८. त्यामुळे जुनी स्वच्छ एमसीयू हातात धरून बसू नका. आधी ताप उतरवा. सोनोग्राफी आताच करा, कारण क्वचित उलटंही घडतं: जेलच्या गाठीने नळी दबून किडनी फुगते, तीही उशिरा. एमसीयू संसर्ग पूर्ण शमल्यावर, अँटिबायोटिक चालू ठेवून. किडनीवर नवा व्रण पडला का हे पाहायचा डीएमएसए स्कॅन चार ते सहा महिने थांबून. लगेच केला तर सुजेचा डाग व्रणासारखाच दिसतो. आणि हो, नाशिकच्या पत्राचं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

दीड वर्षाच्या मुलाची पुढची कातडी मागे सरत नाही. त्यामुळे संसर्ग होतो का?

या वयात न सरणं नैसर्गिक आहे. ओढून सरकवू नका, चिरा पडून ती खरोखरच घट्ट होते. कातडीखाली जंतू साठतात हे मात्र खरं. ज्याला ऑपरेशननंतरही तापाचे संसर्ग होतात त्याच्यासाठी काही आठवडे सौम्य स्टेरॉइड मलम किंवा सुंता हा विचार रास्त आहे. ज्याला काही त्रास नाही त्याच्यासाठी नाही.

धने-जिऱ्याचं पाणी, बार्ली, क्रॅनबेरी?

उन्हाळी लागली की धन्याचं पाणी द्यायची आपली रीत वाईट नाही. पोटात पाणी जातं, लघवी पातळ होते, आग कमी होते. पण त्यावर दोन दिवस काढायचे ते ताप नसेल तर, आणि कल्चर दिल्यावर. क्रॅनबेरीच्या बाटलीत साखरच बरीच असते. सोडा घातलेलं पाणी मुलांना देऊ नका.

मुलगी आता १६ वर्षांची. ऑपरेशन चौथ्या वर्षी झालं, दहा वर्षांत काही त्रास नाही. फाइल टाकून द्यावी का? — एक आई, ठाणे

टाकू नका. डीएमएसएमध्ये व्रण असेल तर वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं. व्रणाचा त्रास रिफ्लक्स गेल्यावर वर्षानुवर्षांनी रक्तदाबाच्या रूपाने दिसू शकतो. रक्तदाब मोजताना पट्टा दंडाच्या मापाचा असावा.

पुढे गरोदरपणात तिला लघवीच्या संसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो, झडप उत्तम असली तरी. पहिल्याच भेटीत तिने हे ऑपरेशन सांगावं आणि कल्चर करून घ्यावं. एरवी लक्षण नसताना जंतूंवर उपचार नको, असं वर म्हटलं आहे. गरोदरपणात मात्र नेमका तो करतात.

फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ऑपरेशन नोट. त्यात कोहेन लिहिलं असेल तर तिच्या मूत्रवाहिनीचं तोंड नेहमीच्या जागी नाही, मूत्राशयाच्या विरुद्ध बाजूला आहे. चाळिशीत मुतखडा अडकला आणि कोणी दुर्बिणीतून तार वर सरकवू लागलं, तर त्या डॉक्टरांना हे आधी कळलेलं बरं. त्या कागदाचा फोटो काढून मुलीच्या मोबाइलमध्येही ठेवा.